कंपनी सरकारची बाजू

नवरात्र जवळ आलं की आमच्या वडगावच्या गल्लीला एक वास सुटतो. मशीन ऑइल, सुताची धूळ आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेला झेंडू, असा तिन्हींचा मिळून. वर्षभर विणकामाच्या मागांखाली साठलेले सुताचे पुंजके याच दिवसांत ओढून काढतात, आडवं सूत नेणारे धोटे पुसतात, लोखंडाला तेल पाजतात, कारण खंडेनवमीला माग बंद ठेवून त्यांची पूजा करायची असते. एरवी पहाटेपासून खटखटणारी गल्ली त्या दिवशी अशी गप्प होते की शेजारच्या घरातली फोडणी ऐकू येते. मोहरी आधी टाकली का जिरं, तेसुद्धा.

परवा निपाणीहून, म्हणजे ऑफिसातून, घरी पोचलो तर माझी बायको मंगल मागाखाली अर्धी शिरली होती. तिथूनच तिनं विचारलं की यंदा फौज पूजेत कुठं मांडायची, धोट्यांच्या उजवीकडं का डावीकडं. प्रश्न सरळ होता, त्यात टोमणा नव्हता. मी हातातला डबा तसाच धरून जरा वेळ उभा राहिलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या इंचभर उंचीच्या शिपायांना घरात मानाची जागा कोणती द्यावी, यावर त्याची बायको मागाखाली पडून विचार करते, हे सुख सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पूर्वी ती त्यांना भावल्या म्हणायची. तुमच्या भावल्या उचला, चपात्या लाटायच्यात, असं.

हा बदल एका नवरात्रात झाला. कित्तूरच्या लढाईला दोनशे वर्षं झाली, त्या सालच्या. झेंडूचा वास आला की मला ते नवरात्र आठवतं आणि माझी मान आपोआप ताठ होते. मान ताठ व्हावी असं मी स्वतः काही केलेलं नाही. केलं ते माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं. पण घरातल्या माणसाच्या पराक्रमावर मान ताठ करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी त्या खेळाबद्दल सांगतो. इतिहासात झालेली एखादी लढाई घ्यायची, तिची जमीन टेबलावर मांडायची, दोन्ही बाजूंचे छोटे शिपाई उभे करायचे आणि फासे टाकत, मापानं सरकत ती लढाई पुन्हा लढायची. शिपायानं किती सरकायचं याचा नियम असतो, गोळी लागली का चुकली ते फासा सांगतो, बाकीचं डोकं आपलं. जगात कुठं कुठं पांढऱ्या मिशांची माणसं असं खेळतात, हे मला निपाणीच्या बसमध्ये मोबाइलवर कळलं. त्या दिवशी यमकनमर्डीपासून संकेश्वरपर्यंत मी मान वर केली नाही. ऑफिसात पोचेपर्यंत मनातल्या मनात मी सेनापती झालो होतो.

तयार शिपाई लांबून मागवावे लागतात असं कळल्यावर मी ते घरीच करायचं ठरवलं. नळ गळायला लागला की प्लंबर जे लुकण लावतो, ते काडेपेटीच्या काडीवर थापून माणूस करायचा. माणसं बऱ्यापैकी जमली. घोडे जमले नाहीत. माझं घोडदळ बघून पाहुणे अजूनही कुत्री छान झालीत म्हणतात आणि मी आभार मानतो. कंपनी सरकारच्या शिपायांचे लाल डगले रंगवायला मी मंगलचं नेलपॉलिश वापरलं. ते तिला एका लग्नाच्या दिवशी सकाळी कळलं. त्या प्रसंगाचं वर्णन इथं नको.

जमीन मात्र अस्सल होती. आमच्या मागावर विणताना बाणा, म्हणजे आडवं सूत, चुकून आडवा फिकट पट्टा आलेली एक हिरवी साडी होती, कुठल्याच दुकानदारानं घेतली नसती अशी. ती टेबलावर पसरली. खाली वाट्या आणि फुलपात्री पालथी ठेवली की टेकड्या तयार. आणि तो चुकलेला पट्टा म्हणजे रस्ता. मापाला सूत. पायदळाला आखूड लाल दोरा, घोड्याला लांब पिवळा. पहिल्यांदा मी विती मोजून शिपाई सरकवत होतो, पण माझी वीत आणि आक्काची वीत यांच्यात तंटा व्हायला लागला. मग दोरा कापला आणि तंटा मिटला.

आक्का या खेळात आली ती मला रागवायला. वडिलांच्या मागं घरचे दोन माग तीच चालवते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नाही. एका रविवारी लाइट गेली, माग थांबले, आणि मी काय करतोय ते बघायला ती मागच्या खोलीत येऊन उभी राहिली. तेव्हा मी दोन्ही बाजू एकटाच खेळत असे. आपली बाजू मनापासून, आणि शत्रूची बाजू उरलेल्या वेळात. माझा शत्रू फार गुणी होता. मला हवं तिथं यायचा, मला हवा तेव्हा घाबरायचा. मी तोवर एकही लढाई हरलो नव्हतो.

आक्कानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "समोरच्याला अक्कल नसतीया व्हय रं?"

आणि समोरची खुर्ची ओढून बसली. त्या खुर्चीवरून ती नंतर उठलीच नाही, असं म्हटलं तरी चालेल. पहिल्याच दिवशी तिनं माझी फौज टेकडीमागून येऊन, म्हणजे उपम्याच्या वाटीमागून येऊन, कापून काढली. संध्याकाळी लाइट आली तेव्हा मी चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी बसमध्ये लक्षात आलं की आदल्या दिवशी पहिल्यांदा मी खरा खेळलो होतो.

आमच्या भागात समोरची बाजू घ्यायला कुणी तयार नसतं. आम्ही लहानपणी गल्लीत लढाई लढाई खेळायचो तेव्हा सगळेच मावळे असायचे. त्यामुळं घोषणा खूप व्हायच्या आणि लढाई सुरूच व्हायची नाही. शेवटी आईची हाक यायची आणि सगळे मावळे जेवायला जायचे. आक्का ही मी पाहिलेली पहिली व्यक्ती, जिनं न लाजता शत्रूच्या खुर्चीवर बूड टेकलं. आणि गंमत अशी की लहानपणी गल्लीच्या कार्यक्रमात कित्तूरची राणी तीच व्हायची. घोडा मी असायचो.

त्या साली आमच्या गल्लीच्या नवरात्र मंडळाचे अध्यक्ष मारुती अण्णा घरी आले. दोनशे वर्षं झालीत, आपण काहीतरी करायला पाहिजे म्हणाले. हलता देखावा दरवर्षीचाच झालाय, मोटर जळते, राणीचा हात वर जातो तो खालीच येत नाही. अण्णांनी टेबल बघितलं, शिपाई बघितले, घोड्यांबद्दल काही बोलले नाहीत. आणि खंडेनवमीच्या संध्याकाळी मांडवात कित्तूरची लढाई खेळायची असं ठरलं. वर बांबूला मोबाइल टांगायचा, खाली टेबल, आणि आरतीसाठी आणलेल्या मोठ्या पडद्यावर सगळ्या गल्लीला लढाई दिसणार. मी त्या रात्री झोपेत कुणाला तरी सलाम केला म्हणे. मंगल सांगते.

लढाई आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. धारवाडहून कंपनी सरकारचा साहेब तोफा घेऊन कित्तूरच्या किल्ल्यावर आला. दार उघडायला मुदत दिली. मुदत संपता संपता दार उघडलं ते आतून राणीचं सैन्य बाहेर कोसळायला. साहेब पडला, तोफा गेल्या. पुढं कंपनी मोठी फौज घेऊन परत आली आणि किल्ला गेला, पण ही पहिली लढाई राणीची. हे मराठी घरातही सांगतात आणि कानडी घरातही सांगतात. सांगताना आवाज दोन्हीकडं सारखाच चढतो.

राणीची बाजू खेळायला आक्कानं नीलम्मा टीचरना बोलावलं. गल्लीच्या टोकाला राहतात, कानडी शाळेत इतिहास शिकवतात, आक्काच्या वयाच्या. दोघी महिनाभर संध्याकाळी आमच्या मागच्या खोलीत बसून सराव करत. आक्का कानडीत बोलायची, टीचर मराठीत, म्हणजे दोघीही समोरच्या बाईच्या भाषेत. मला त्यातलं अर्धं कळायचं, आणि चहा कुणी करायचा तेवढं पूर्ण कळायचं.

एका रविवारी आम्ही तिघं बसनं कित्तूरला गेलो. पडका किल्ला, आत राजवाड्याच्या भिंती, हिरवळीवर सहलीची पोरं. टीचर दारातून आत गेल्या आणि आतून बाहेर बघत उभ्या राहिल्या. आक्का आत आलीच नाही. ती बाहेर, बऱ्याच लांब, उन्हात उभी होती आणि दाराकडं डोळे बारीक करून बघत होती. मधेच चार पावलं मागं गेली. मी मधल्या मोकळ्या जागेत उभा राहून चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होतो. लढाई सुरू झाली असती तर सगळ्यात आधी मीच गेलो असतो, हे गिरमिट संपल्यावर ध्यानात आलं.  परतताना बसमध्ये आक्का खिडकीतून बघत म्हणाली की, साहेबानं तोफा दाराच्या लई जवळ आणल्या. घोडं पोचंल एवढ्या जवळ.

खंडेनवमी उजाडली. माग थांबले. मी अंघोळ करून फौज पेटीत भरायला मागच्या खोलीत गेलो, तर टेबल रिकामं. पुढच्या खोलीत पूजा मांडून झाली होती. मागावर झेंडूच्या माळा, खाली पाटावर धोटे, कात्री, पाना, तेलाचा डबा, आणि त्यांच्या पुढं माझी सगळी फौज ओळीनं. कित्तूरची माणसं, कंपनीचे गोरे साहेब, तोफा, घोडे आणि फासेसुद्धा. प्रत्येकाला हळद-कुंकू. एकाही शिपायाला मंगलनं सोडलं नव्हतं. नेलपॉलिशचे लाल डगले घातलेले ते साहेब, कपाळावर कुंकवाचा टिळा घेऊन, लग्नाच्या पंगतीत वाट बघणाऱ्या व्याह्यांसारखे उभे होते. घरातली हत्यारं म्हणून सगळी पूजली, असं ती म्हणाली. ती इतक्या प्रेमानं म्हणाली की मला पुढचं बोलता येईना. पुढचं म्हणजे, पूजेत बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आणि लढाई त्याच संध्याकाळी होती.

अण्णा आले, पाटाकडं बघितलं, हात जोडले, आणि मग काय झालंय ते त्यांना कळलं. शिपाई मागण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याही घरी माग आहे. लढाई दसऱ्याच्या संध्याकाळवर गेली. जगात पावसामुळं लढाया लांबल्या असतील, दाणागोटा संपल्यामुळं लांबल्या असतील. दोन्हीकडच्या फौजा पूजेला बसल्यामुळं लांबलेली ही पहिलीच असावी.

पण लांबली ते वाईट झालं. माग बंद, हाताला काम नाही, आणि गल्लीला विचार करायला अख्खा दिवस मिळाला. विचार करता करता कुणाच्या तरी डोक्यात आलं की, फाशावर खेळायचं म्हणजे राणी हरूही शकते की. दुपारपर्यंत ते सगळ्या कट्ट्यांवर गेलं. चार वाजता अण्णा पुन्हा आले, यावेळी चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

माझ्या नियमांत धीराचा फासा म्हणून एक प्रकार आहे. एखाद्या तुकडीची बरीच माणसं पडली की फासा टाकायचा. एक किंवा दोन पडला की उरलेली माणसं पळाली. जास्त पडला तर टिकली. दोन्ही बाजूंना सारखाच. अण्णांचं म्हणणं होतं की राणीच्या माणसांना हा फासा नकोच. ती पळणार नाहीत, असं आधीच धरून चालायचं. आणि तरी अडचण आलीच तर आक्कानं शेवटी शेवटी थोडं सोडून द्यावं, कुणाला कळतंय.

"बाबू, राणी हारली तर मला मांडवात तोंड दाखवता येनार न्हाय," अण्णा म्हणाले. "तू आक्काला सांग."

मी आक्काला सांगायचं. ज्या माणसानं आयुष्यात आक्काला दूध उतू चाललंय एवढंच बेधडक सांगितलं आहे, त्यानं. मी आत गेलो. ती बंद मागाशेजारी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर. मी आधी हवेबद्दल बोललो. ऑक्टोबरचं ऊन यंदा जास्तच आहे म्हणालो. मग झेंडूच्या भावाबद्दल बोललो.

"अण्णानं काय सांगून धाडलंय ते बोल," ती म्हणाली.

मी बोललो. जमिनीकडं बघून, दोन्ही गोष्टी एका दमात. तिनं पदराला चिकटलेला सुताचा पुंजका काढून बोटांत वळला. 

"पळायचंच न्हाई असं आधी ठरवून दिलं, तर त्यास्नी धीर कशाला लागतोय रं?" ती म्हणाली. "मग राणीच्या मानसात आन तुझ्या लुकनात फरक काय ऱ्हायला?"

 ती पुढं हळू आवाजात म्हणाली, "आन मी सोडून दिलं तर ते टीचरनी जिंकलं का मी दिलं? राणीला कुनी दिलं न्हवतं, बाबू. तिनं घेतलं. उद्या मी कंपनी सरकार हाय. अर्धीमुर्धी न्हाई."

मी बाहेर येऊन अण्णांना सांगितलं की आक्का नाही म्हणते. कारणं सांगितली नाहीत. माझ्या तोंडून ती तिच्यासारखी आली नसती.

दसऱ्याला सगळी गल्ली आपट्याची पानं वाटून, नवे कपडे घालून मांडवात जमली. हिरवी साडी पसरली होती. एका टोकाला पुठ्ठ्याचा किल्ला, दाराला खरी बिजागरी, ती मी एका जुन्या पेटीची काढून लावली होती. पडद्यावर शिपाई माणसाएवढे दिसत होते, आणि त्यांच्या कपाळावरचं कुंकू ताटाएवढं. अण्णांनी माइक घेतला. एका बाजूला टीचर, केसात शेवंती. दुसऱ्या बाजूला आक्का. तिच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी मुद्दाम ठरवून केलं नव्हतं, पण लोक आपोआप टीचरच्या मागं जाऊन बसले होते. मी आक्काच्या मागं बसलो. निम्मं धैर्य म्हणून, निम्मं तिथं जागा होती म्हणून.

कंपनीची फौज धारवाडच्या रस्त्यानं, म्हणजे चुकलेल्या बाण्यावरून, पुढं आली. आक्कानं तोफा दारापासून लांबच थांबवल्या. पिवळा दोरा एकदा लावून बघितला. घोडं एका दमात पोचणार नाही, इतक्या लांब. पायदळ तोफांच्या दोन्ही बाजूंना. टीचरनी ते बघितलं आणि दार उघडलं नाही. गल्ली बेचैन झाली. उघडा, उघडा, असे आवाज यायला लागले. दोनशे वर्षं सगळ्यांना माहीत होतं की दार उघडायचं आणि जिंकायचं. पण आतमध्ये बसलेल्या बाईला ते माहीत नव्हतं. तिला फक्त समोरच्या तोफा दिसत होत्या, आणि बाहेर पडलं तर मधल्या उघड्या जमिनीवर काय होईल ते दिसत होतं. टीचरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पदरानं पुसला. मग बोटानं दार उघडलं.

घोडे सुटले. पहिली रांग तोफांनी झोपवली. दुसरी रांग पोचली. एक तोफ घेतली, आणि पुढच्याच फाशाला साहेब पडला. मांडव उठून उभा राहिला. माझा सगळ्यात बरा जमलेला शिपाई तो, साहेब, पडद्यावर आडवा पडलेला दिसत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. अण्णांनी माइकवर सांगून टाकलं की आता कंपनी माघार घेणार.

आक्काला माघार घेता आली असती. तसा नियम आहे, आणि शहाणा सेनापती तोफा वाचवायला तसं करतोही. कुणी नाव ठेवलं नसतं. मी मागून तिची मान बघत होतो. ती साडीकडं बघत होती, वाकून, मागावर सुताची एखादी तार कुठं तुटलीय ते शोधताना बघते तशी. मग तिनं उरलेल्या तोफा उघड्या दाराकडं वळवल्या आणि फासा उचलून टीचरांच्या हातात दिला.

"टाका टीचर. धीराचा."

टीचरनी टाकला. पाच. राणीची माणसं टिकली. मांडवात असा आवाज झाला की कोपऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. आक्कानं परत तोफा डागल्या, परत माणसं पडली, परत फासा. चार. टिकली. आता कुणी खाली बसायला तयार नव्हतं. जे लोक आदल्या दिवशी हा फासाच नको म्हणत होते, ते फासा टेबलावर गडगडत असताना श्वास धरून उभे होते, आणि टिकली की एकमेकांना मिठ्या मारत होते. पुस्तकात त्या लढाईचं एक वाक्य आहे. कित्तूरच्या सैन्यानं शौर्यानं लढून विजय मिळवला. आम्ही सगळे ते वाक्य पाठ करून मोठे झालो होतो. त्यात दार उघडायच्या आधीचा घाम नव्हता. पळून जाता येत असताना न पळणं नव्हतं. ते त्या दिवशी आमच्या गल्लीला पहिल्यांदा दिसलं, कुत्र्यासारख्या घोड्यांवर का होईना.

परत फासा. तीन. टिकली, जेमतेम. माइकमधून नुसता अण्णांचा श्वास सगळ्या गल्लीला ऐकू येत होता. आणि मग एक पडला.

म्हणजे राणीची उरलेली माणसं पळाली. आक्का हलली नाही. शिपाई बाजूला काढायचे असतात, पण तिनं राणीच्या माणसांना हात लावला नाही. ते टीचरनी स्वतः उचलले, एकेक करून, ओंजळीत. मग त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि आक्काच्या खांद्यावर हात ठेवला.

"छलो आडिदी," त्या म्हणाल्या. चांगलं खेळलीस. आणि अण्णांच्या हातातला माइक घेऊन मराठीत म्हणाल्या, "मी हरले. हिनं मला काही सोडलं नाही. म्हणून सांगते, आमची माणसं खरोखर उभी राहिली होती."

टाळ्या झाल्या. सगळ्यांनी वाजवल्या असं मी म्हणणार नाही. काहीजण उठून गेले. प्रसादाच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणाली की, दसऱ्याच्या दिवशी असं करायला नको होतं बाई. आक्काला ते ऐकू गेलं. घरी आल्यावर तिनं जेवण नको म्हटलं. मंगलनं आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं. आक्का चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली की, साहेब पडला तवा मला वाटलं आता सुटले, राणीच जिंकनार.  लहानपणी जिनं लाकडी तलवार उपसून राणीची भाषणं केली होती, तिनं त्या संध्याकाळी राणीला हरवलं होतं, आणि ते तिच्याशिवाय कुणाच्यानं झालं नसतं. मला फार अभिमान वाटत होता आणि तो कसा सांगावा ते कळत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या भरून तिच्याजवळ ठेवला. आमच्या घरात एवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजीला निघाली. एरवी मी पिशव्या धरायला जात नाही, त्या दिवशी गेलो. रस्त्यात दोघातिघांनी बघून न बघितल्यासारखं केलं. बाजारात आक्काची नेहमीची भाजीवाली म्हणजे खानापूरकडची बाई, जिभेची तिखट. तिच्यापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. तिनं तागडीत वांगी टाकली, मान तिरकी केली आणि शेजारच्या चौघींना ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं, "आक्का, राणीला हरवलीस ती तूच न्हवं?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आक्कानं एक वांगं उचललं, देठ बघितला, आणि परत तागडीत ठेवलं.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "लई अवघड गेलं बघ मला."

भाजीवालीचा हात तागडीवरच थांबला. आक्का तिच्याकडं सरळ बघत उभी होती, आणि मी पिशवीचं तोंड उघडं धरून तिच्या शेजारी.